आठ आणि चार विसा

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याची सामाईक खोली आहे. भिंतीवर एक लाकडी फळा, त्यावर तारखा आणि वेळा, आणि प्रत्येक घराच्या नंबरचं एकेक छोटं कुलूप. ज्या वेळेला मशीन हवं त्या वेळेच्या भोकात आपलं कुलूप अडकवायचं, म्हणजे ते तीन तास आपले. डॅनिश माणूस भांडत नाही असं म्हणणाऱ्याने ही खोली पाहिलेली नसणार. इथे दुसऱ्याचं कुलूप हलवणं म्हणजे बांध कोरण्यासारखं आहे.

त्यामुळे एका शनिवारी दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा हातात स्वतःचं कुलूप घेऊन आमच्या दारात उभे राहिले तेव्हा बायको आणि मी दोघंही दचकलो. काहीतरी चुकलंय खास. पण त्यांना फक्त अदलाबदल हवी होती. उद्या दुपारची त्यांची पाळी मी घ्यावी, माझी मंगळवारची त्यांना द्यावी. उद्या मॅच आहे, ते म्हणाले. आणि मग, पुरेसा खुलासा झाला नाही असं वाटून, स्वेटरची कॉलर खाली ओढून आतला पिवळा टी-शर्ट दाखवला.

डॅनिशमध्ये सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, अगदी शाळेतली पोरं मास्तरांनासुद्धा. मला आजोबांना तोंडावर 'तू' म्हणावं लागतं. इथे लिहिताना तरी अहो-जाहो करून घेतो.

आम्ही राहतो ते कोपनहेगन नकाशापुरतं. पर्यटकांच्या फोटोतली रंगीत घरं, कालवे, जलपरी हे सगळं लोकलने वीस मिनिटांवर. आमच्या बाजूला वेस्टाइनन म्हणतात. म्हणजे शहराच्या पश्चिमेचा मुलूख. साठ-सत्तरच्या दशकांत शहरात जागा पुरेना तेव्हा इथल्या शेतांत काँक्रीटच्या इमारती उभ्या केल्या. कामगार आले, मग तुर्की आले, पाकिस्तानी आले, आता आमच्यासारखे आयटीवाले येतात, कारण भाडं जरा कमी आणि ऑफिस जवळ. शहरातले लोक 'वेस्टाइनन' हा शब्द ज्या सुरात उच्चारतात तो सूर ओळखायला भाषा शिकावी लागत नाही.

या मुलखाचा क्लब म्हणजे ब्रोनबी. लिहिताना मध्ये 'ड' असतो, बोलताना तो गिळतात. डॅनिश लोक निम्मी अक्षरं गिळतातच. 3 डिसेंबर 1964 ला ब्रोनबीव्हेस्टर आणि ब्रोनबीओस्टर, म्हणजे पश्चिमेची आणि पूर्वेची वाडी, अशा दोन वाड्यांचे क्लब एकत्र झाले. शेजारच्या राजधानीत तेव्हा शतकाकडे झुकलेले क्लब होते. 1876 चा केबी तर ब्रिटनबाहेरच्या युरोपातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. त्यांच्या पुढ्यात हे म्हणजे काल तयार झालेलं तरुण मंडळ.

मी कोल्हापूरचा. कोल्हापुरात फुटबॉल आहे हे ऐकून पुण्या-मुंबईचे लोक अजूनही भुवया उंचावतात. पण आमच्याकडे पेठापेठांचे, तालमींचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर एका पेठेने दुसरीला हरवलं की रात्री गल्लीत जे चालतं त्याला निव्वळ खेळ म्हणता येत नाही. म्हणून आजोबांनी कॉलर खाली ओढली तेव्हा मला जे कळलं ते माझ्या मुंबईकर बायकोला कळलं नाही. ती म्हणाली, या वयात?

*

पुढे कपड्यांच्या निमित्ताने ओळख वाढली. मशीनचा फेरा चाळीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात वर जाऊन येण्यापेक्षा आजोबा तिथेच बाकावर बसतात. मी संध्याकाळच्या डॅनिश वर्गाला जायचो आणि गृहपाठ त्यांच्यावर चालवून बघायचो. माझी गाडी आकड्यांपाशी अडली होती. डॅनिश आकड्यांना शेजारचे स्वीडिश आणि नॉर्वेजियनसुद्धा हसतात. अठ्ठ्याऐंशीला इथे म्हणतात 'ओटेओफिर्स'. ओटे म्हणजे आठ, ओ म्हणजे आणि, फिर्स म्हणजे ऐंशी. आणि फिर्स का, तर जुना शब्द आहे 'चार वेळा वीस'.

वर्गातले इतर लोक कपाळाला हात लावत होते. मला हसू आलं. आधी एकक, मग दशक, हे तर आपलंच. आणि चार विसा? माझी पन्हाळ्याकडची आजी आंबे असेच मोजायची. शंभर म्हणजे पाच विसा. तिला शाळा माहीत नव्हती, डेन्मार्क तर नव्हतंच नव्हतं.

मी आजोबांना हे सांगितलं. आठ आणि चार विसा, अशीच माझी आजी म्हणायची. त्यांना गंमत वाटेल असं मला वाटलं होतं. ते मशीनच्या गोल काचेतून फिरणाऱ्या कपड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, हा आकडा सोडून दुसरा कुठलाही घे.

कारण कळायला पुढच्या आठवड्याची पाळी यावी लागली.

*

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. ब्रोनबीच्या नशिबाला पहिला हात लावला तो एका बदलीने. 1973 मध्ये फिन लाउड्रुप नावाचा चांगला नावाजलेला खेळाडू या खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबात खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आला. येताना दोन पोरं घेऊन आला. थोरला मायकेल, जन्म 1964, म्हणजे क्लबाच्याच वयाचा. धाकटा ब्रायन. पुढे दोघंही केवढे मोठे खेळाडू झाले ते फुटबॉल बघणाऱ्याला सांगायला नको. त्याच सुमारास पेर बियरगोर नावाचा एक डॉक्टर, जो स्वतः इथे खेळला होता, कारभारी झाला आणि पुढची कितीतरी वर्षं हा क्लब म्हणजे डॉक्टर असंच समीकरण राहिलं.

1982 ला क्लब पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये चढला. अठरा वर्षांचा मायकेल त्या संघात होता. पुढच्याच वर्षी इटलीच्या युव्हेंटसने त्याला उचललं. 1985 ला पहिलं विजेतेपद. डेन्मार्कमध्ये फुटबॉलसाठी पगार घ्यायची परवानगीच मुळी 1978 ला मिळाली होती, तोवर राष्ट्रीय लीगमधले खेळाडूही दिवसा नोकरी आणि संध्याकाळी सराव असं करत. ब्रोनबीने 1986 ला खेळाडूंना पूर्णवेळ पगारावर ठेवलं, असं करणारा देशातला पहिला क्लब. 1987 ला थेट शेअर बाजारात नाव लावलं. आजोबांनी तेव्हा थोडे शेअर घेतले होते. आज किती किमतीचे आहेत विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरच्या देव्हाऱ्यातल्या टाकांचा भाव विचारला.

त्याच वर्षी शेजारच्या व्हिडोव्हरहून एक दांडगा गोलकीपर आला. कधीकाळी वृद्धाश्रमात साफसफाई केलेला. पीटर श्मायकेल. 1987 ते 1991 या पाच वर्षांत चार विजेतेपदं. आणि मग 1990-91 ची युएफा कप, म्हणजे युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा.

हे वर्ष आजोबा अजून स्वतःशी उगाळतात. आइनट्राख्ट फ्रँकफुर्टला घरच्या मैदानावर 5-0. पुढे लेव्हरकुसेन गेलं. टॉर्पेडो मॉस्को पेनल्टीवर गेलं. उपांत्य फेरीत समोर रोमा. पंचवीस-सव्वीस वर्षं वयाचा उपनगरी क्लब आणि समोर रोम शहर. पहिला सामना इथे, 0-0. दुसरा 24 एप्रिल 1991 ला रोमच्या ऑलिम्पिको मैदानावर. रोमाने गोल केला. मग त्यांच्याच बचावपटूच्या पायाने चेंडू त्यांच्याच जाळ्यात गेला आणि 1-1 झालं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बाहेरच्या मैदानावरचा गोल जड. म्हणजे हाच स्कोअर राहिला तर ब्रोनबी अंतिम फेरीत. घड्याळ पुढे सरकत होतं. श्मायकेल अडवत होता. आजोबा तेव्हा चाळिशीत, हॉलमध्ये टीव्हीसमोर उभे. बसायला जमेना, असं ते म्हणाले.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला श्मायकेलच्या हातून सुटलेला चेंडू रुडी फ्योलरच्या पायापाशी पडला.

ओटेओफिर्स.

मशीन थांबलं होतं. आजोबांनी दार उघडून चादरी बादलीत काढल्या. एकेका चादरीची टोकं जुळवून घड्या घातल्या, ओल्याच.

*

त्यापुढचं वर्ष एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर संपादकाने 'जरा अती होतंय' म्हणून परत केलं असतं. श्मायकेल 1991 च्या उन्हाळ्यात पाच लाख पौंडांच्या आसपास किमतीला मँचेस्टर युनायटेडला गेला, आणि ती किंमत पुढे इंग्लंडमध्ये अगदीच स्वस्त सौदा म्हणून गाजली. डॉक्टरांना आता मोठी स्वप्नं पडू लागली. फुटबॉलचं उत्पन्न चेंडूवर अवलंबून, चेंडूचा काय भरवसा? क्लबाने बँक विकत घ्यायचं ठरवलं. होय, बँक. इंटरबँक तिचं नाव. ज्या हाफनिया विमा कंपनीच्या जोरावर हा बेत होता ती 1992 ला कोसळली आणि क्लब बुडायच्या बेतात आला. अंतिम फेरी दोन मिनिटांवर आली होती तिथून पेढी बुडायच्या दारापर्यंत, एवढ्या थोड्या दिवसांत.

कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला सहकारी पतसंस्थांच्या कहाण्या तोंडपाठ असतात. अध्यक्ष भला माणूस, गावासाठी झटणारा, आणि एक दिवस त्याला वाटतं आता आपण आणखी एक पायरी चढू. पुढचं आपल्याला माहीत असतं. मी आजोबांना विचारलं, तुम्हाला राग नाही आला डॉक्टरांचा? ते म्हणाले, आला ना. पण त्यांच्याशिवाय रोम तरी कुठे दिसलं असतं?

आणि याच 1992 च्या जूनमध्ये डेन्मार्क युरोपचा विजेता झाला. युगोस्लाव्हियाला युद्धापायी वगळलं म्हणून ऐनवेळी बोलावणं आलेला संघ. गोथेनबर्गला उपांत्य सामन्यात हॉलंडविरुद्ध निर्णायक पेनल्टी मारणारा किम क्रिस्टोफ्टे ब्रोनबीचा. 26 जूनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला पहिला गोल मारणारा जॉन येन्सेन ब्रोनबीचा. दुसरा गोल किम विलफोर्टचा, तोही ब्रोनबीचा. ज्या क्लबाच्या तिजोरीला त्या वर्षी भोक पडलं, त्याच्याच खेळाडूंनी देशाला कप दिला.

विलफोर्टबद्दल बोलताना आजोबा आवाज खाली आणतात. त्याची लहान मुलगी ल्युकेमियाने आजारी होती. स्पर्धा चालू असताना तो स्वीडनहून घरी तिच्यापाशी आला, फ्रान्सविरुद्धचा सामना खेळला नाही. मग परत गेला. उपांत्य सामन्यात पेनल्टी मारली, अंतिम सामन्यात तो दुसरा गोल. काही आठवड्यांतच मुलगी गेली. विलफोर्ट पुढेही ब्रोनबीतच राहिला, 1998 पर्यंत खेळला, नंतर इथेच पोरं घडवू लागला. मोठ्या क्लबाकडे का गेला नाही, हा प्रश्न मी विचारला नाही. त्या गोलाचं चित्र आजही डॅनिश टीव्हीवर वरचेवर दाखवतात. आजोबा ते बघत नाहीत. म्हणतात, सगळ्यांना गोल दिसतो, मला तो तिथून घरी जाताना दिसतो.

अंतिम सामन्यानंतर पाचच दिवसांनी, 1 जुलै 1992 ला, केबी आणि बी 1903 या राजधानीतल्या दोन जुन्या क्लबांनी एक होऊन एफसी कोपनहेगन काढला. ब्रोनबीच्या नाकावर टिच्चून उभं राहण्यासाठी शहराने काढलेला क्लब, असं आमच्या बाजूला समजतात. शहरात काय समजतात ते मी विचारायला गेलो नाही. हिशेब मात्र सरळ आहे. 2025 पर्यंत त्यांची 16 विजेतेपदं झाली. आमची 11.

'आमची' असं मी कधी म्हणायला लागलो ते आठवत नाही.

*

तसे बरे दिवसही परत आले. प्रशिक्षक एबे स्कोवडालने 1996, 97, 98 अशी ओळीने तीन विजेतेपदं मिळवून दिली. हा स्कोवडाल लाउड्रुप पोरांचा सख्खा मामा. मग 2002 ला भाचा मायकेल प्रशिक्षक म्हणून परतला आणि 2005 ला त्याने विजेतेपद आणि डॅनिश कप दोन्ही आणले. मामा-भाच्यांचं हे राज्य आजोबांना आमच्या ऐतिहासिक मालिकांइतकंच आवडतं. अधेमधे 1998 ला चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्न म्युनिकला 2-1 हरवणं वगैरे आहे. त्याच गटात मँचेस्टर युनायटेडकडून 6-2 आणि 5-0 असे दोन मारही आहेत. ते आजोबा चटकन उरकतात, मीही उरकतो.

2005 नंतर सोळा वर्षं लीगचं विजेतेपद नाही. खेळाडू विकले, प्रशिक्षक बदलले, कर्ज साठलं, 2013 ला क्लब पुन्हा दिवाळखोरीच्या काठावर गेला आणि नव्या पैसेवाल्यांनी ओढून काढला. 2018 ला विजेतेपद हाताशी आलं होतं, शेवटच्या आठवड्यांत निसटलं. 24 मे 2021 ला नॉर्डशेलँडला 2-0 हरवून एकदाचं अकरावं विजेतेपद आलं तेव्हा करोनाचे निर्बंध होते. सोळा वर्षं वाट पाहिलेल्या लोकांना मोजकी तिकिटं. बाकीचे रस्त्यांवर, पिवळ्या धुरात. पुढच्याच वर्षी एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीने क्लबाचा मोठा हिस्सा घेतला आणि इथे बरीच आदळआपट झाली. डॉक्टरांची बँक परवडली, असं मी बसस्टॉपवर ऐकलंय.

मी एकदाच आजोबांबरोबर मैदानावर गेलो. ब्रोनबीओस्टर स्टेशनवर उतरून पिवळ्या गर्दीबरोबर चालत. दक्षिणेचा स्टँड हा उभ्या लोकांचा. तिथे खुर्ची हा प्रकार नाही, ढोल आहे, झेंडे आहेत, आणि दीड-दोन तास न थांबता गाणं आहे. ढोलाच्या पहिल्या ठोक्याला माझ्या पोटात जे हललं ते गणपतीच्या मिरवणुकीनंतर हललं नव्हतं. पण आजोबांना आता गुडघे साथ देत नाहीत, आणि बसायच्या स्टँडमध्ये जायला ते तयार नाहीत. म्हणून ते मॅच घरी ऐकतात.

ऐकतात असंच म्हणायला हवं. मैदान आमच्यापासून फार लांब नाही. स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि वारा पश्चिमेचा नसला तरी गोलचा गलका स्वच्छ येतो. मी लॅपटॉपवर बघत असतो तेव्हा माझ्या पडद्यावर चेंडू अजून मध्यावर असतो आणि खिडकीतून गोल झालेला असतो. इंटरनेटवरचं चित्र अर्धा-पाऊण मिनिट मागे. आपल्याला भविष्य कळलेलं असतं आणि पडद्यावरच्या बिचाऱ्या बचावपटूला नसतं. आजोबा पडदा लावतच नाहीत. खिडकी उघडतात, मीठ लावलेल्या ज्येष्ठमधाची काळी गोळी तोंडात टाकतात (हा पदार्थ डॅनिश लोक आवडीने खातात, मी दोनदा प्रयत्न केला), आणि ऐकतात.

26 मे 2024, रविवार. हंगामाचा शेवटचा दिवस. ब्रोनबी आणि मिटयूलँड दोघांचे गुण सारखे, गोलफरकात ब्रोनबी पुढे. घरच्या मैदानावर ऑरहूसचा एजीएफ. त्या दिवशी आजोबांनी मला खाली बोलावलं. म्हणाले, फोन आण, पण आवाज बंद ठेव. तिकडे हर्निंगला मिटयूलँडचा सिल्केबोर्गशी काय निकाल लागतोय तेवढं विचारलं तर सांग.

दोन खुर्च्या खिडकीपाशी. कॉफी. दोनदा तो गलका आला. दोन्ही वेळा आजोबांनी मांडीवर एकदाच थाप मारली. एजीएफच्या गोलांना खिडकीतून जे आलं तो आवाजच म्हणता येणार नाही. आधीचं गाणं मध्येच पातळ व्हायचं, बस्स. ते फोनवर बघायची गरज पडली नाही. माझ्या आधी त्यांना कळायचं.

हर्निंगला 3-3 झालं. म्हणजे मिटयूलँडला एकच गुण. म्हणजे आपल्याला नुसती बरोबरी पुरे. मी ते सांगितलं. आजोबांनी मान हलवली. बाहेर पक्ष्यांचा आवाज येत होता, आणि मैदानाकडून पक्ष्यांचा आवाज ऐकू येऊ नये अशी ती वेळ होती.

2-3. एका गुणाने गेलं.

ते उठले, खिडकी लावली, कडी नीट बसली का बघितलं. कॉफीचे कप विसळले. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण डॅनिशमध्ये येईना आणि मराठीत उपयोग नव्हता. कोल्हापुरात असतो तर निदान रेफरीच्या सात पिढ्या काढल्या असत्या. ते म्हणाले, तुझ्या आजीचे आंबे पिकायला किती दिवस ठेवायची रे? मी म्हणालो, अढीत घातल्यावर आठ-दहा दिवस. सगळेच पिकायचे? नाही, म्हणालो, विशीतले दोन-तीन तरी नासायचेच.

जून सुना गेला. मैदानाकडून गवत कापायच्या यंत्राशिवाय काही ऐकू आलं नाही. जुलैत मी तळघरात कपडे घेऊन गेलो तर फळ्यावर माझं कुलूप जागेवर नव्हतं. या इमारतीत असं कधी होत नाही. शोधलं तर रविवारच्या भोकात. माझ्या मंगळवारच्या जागी दुसऱ्या मजल्याचं कुलूप होतं, पण तारीख चुकलेली. पहिली मॅच त्या रविवारी नव्हतीच. मी ते काढून बरोबर तारखेला लावलं आणि वर जाऊन त्यांच्या दारावर टकटक केली.